भोगव्याला जायचंय? आधी तिथी बघा

भोगव्याचा फोटो तुम्ही बहुतेक पाहिलेला असतो, नाव तेवढं माहीत नसतं. निवतीच्या किल्ल्यावरून काढलेला असतो तो: खाली माडांची दाट पट्टी, तिला लागून वाळूची लांबलचक कमान आणि पार टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ला तालुक्यात हे गाव आहे. खाडीच्या पलीकडे देवबाग, म्हणजे मालवण तालुका. तारकर्ली-देवबागला वर्षभर गर्दी असते. त्याच पाण्याच्या अलीकडे भोगवे बऱ्यापैकी निवांत राहिलंय, कारण देवबागहून होडीने दहा मिनिटांवर असलेल्या या गावाला रस्त्याने यायचं तर चांगलाच वळसा पडतो.

शांत किनारा म्हणजे काय, हे निघण्यापूर्वी नीट समजून घ्या. इथे दर शंभर पावलांवर शहाळेवाला नाही, लाल-पिवळं निशाण लावून बसलेला जीवरक्षक तुम्ही पाण्यात उतराल तिथे असेलच असं नाही, आणि कपडे बदलायला खोल्यांची रांगही नाही. दिवसाचं वेळापत्रक हॉटेल ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. म्हणून सहलीची आखणी खोलीच्या बुकिंगपासून सुरू करू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा.

तारीख ठरवताना: तिथीची पाऊणपट

कोकणात जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगायला मोबाइल लागत नाही. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ, घड्याळी तासांत. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती आणि पहाटे तीनच्या आसपास आणखी एक. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊला. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, तर ओहोटी सव्वादोनला. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे: सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, सगळं गणित त्यावरच उभं आहे.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. कॅलेंडरातली तिथी सूर्योदयाची असते, दुपारी ती बदललेलीही असू शकते. त्यामुळे दिवस निवडायला हा हिशोब वापरा आणि निघायच्या आदल्या दिवशी मालवण किंवा वेंगुर्ल्याचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर पाहून घ्या. मुंबईचं कोष्टक इथे लावू नका. मुंबईत उधाणाला पाणी जेवढं चढतं-उतरतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास ते इथे हलतं, आणि वेळही थोडी अलीकडे येते.

आता प्रत्यक्ष निवड. लांबवर चालायचं असेल, ओली कडक वाळू, उघडे पडलेले खडक, शंख-शिंपले आणि सूर्यास्त असं सगळं एकाच संध्याकाळी हवं असेल, तर त्रयोदशी ते प्रतिपदा हे दिवस धरा. ओहोटी दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंतच्या वेळेत येते आणि उधाणाची असल्याने पाणी चांगलं लांब जातं. बरोबर लहान मुलं असतील आणि त्यांना पाण्यात खेळायचं असेल, तर मात्र सप्तमी ते नवमी बरी. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही आणि खाडीच्या तोंडाशी प्रवाहाचा जोरही कमी असतो. पौर्णिमेला समुद्र बघायला जायची हौस आपल्याकडे सगळ्यांनाच असते. चांदणं सुंदर दिसतं हे खरं, पण पोरांना डुंबायला न्यायचा तो दिवस नव्हे.

हंगामाचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये दुपार नकोशी होते, पण ओले काजू मिळतात, आणि माझ्या मते त्यासाठी एक दुपार घामात काढायला हरकत नाही. मे महिन्यात आंबा असतो आणि गर्दीही. जून ते ऑगस्ट समुद्र फक्त लांबून बघायचा: मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळा. गणपतीत आणि शिमग्यातही पर्यटक म्हणून जाऊ नका. त्या दिवसांत गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार, त्यांच्याच घरात पाहुण्यांना जागा नसते.

पोचायचं कसं

रेल्वेने येणार असाल तर कुडाळ हे स्टेशन. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडली की सकाळी कुडाळात उतरता येतं. दिवसा यायचं तर मांडवी आणि जनशताब्दी आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी असली की पहिल्या काही मिनिटांतच संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात.

कुडाळहून पाट-परुळेमार्गे भोगवे साधारण ३० ते ३५ किलोमीटर. रिक्षाने किंवा गाडीने तासभर धरा, रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही तेव्हाच विचारून घ्या. परुळ्यापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा, हाही चांगला पर्याय. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना आदल्या दिवशी फोन केला तर ते ओळखीचा रिक्षावाला पाठवतात. भाडं फोनवरच ठरवून घ्या, स्टेशनबाहेर सामान घेऊन उभं राहिल्यावर घासाघीस जमत नाही.

पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंत महामार्गाने यावं, पुढे फोंडा घाट उतरून कणकवली किंवा आंबोली उतरून सावंतवाडी. बेळगावकरांना आंबोलीच जवळची. घाट चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासा. दरड कोसळली किंवा काम निघालं की एखादा घाट बंदच असतो. विमानाने यायचं तर गोव्याच्या मोपा विमानतळावरून गाडीने दोन-अडीच तास धरा. परुळ्याजवळच चिपीचा विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तिथली उड्डाणं चालू-बंद होत असतात, तेव्हा तिकीट हातात आल्याशिवाय त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

कुडाळ सोडण्यापूर्वी रोख पैसे काढा, पेट्रोल भरा, नेहमीची औषधं घ्या. गावात यूपीआय चालतं, पण रेंज गेली की तेही गेलं.

राहायला कुठे, आणि फोनवर काय विचारायचं

भोगवे आणि किल्ले निवती या दोन्ही बाजूंना न्याहारी-निवासाची घरं आहेत. माडाच्या बागेत मालकांचं घर, त्याला लागून पाहुण्यांच्या दोन-चार खोल्या. मोठी रिसॉर्टं फारशी नाहीत, आणि ते बरंच आहे.

फोटो बघून खोली घेऊ नका, फोन करा. "समुद्राजवळ" या शब्दावर विसंबू नका. पायी वाळूपर्यंत किती मिनिटं लागतात, मध्ये चढ-उतार आहे का, हे विचारा, कारण वरच्या सड्यावरची, म्हणजे पठारावरची खोलीही समुद्राजवळचीच म्हणून सांगितली जाते. आजी-आजोबा बरोबर असतील तर कमोड आहे का ते विचारा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, हेही. आणि जेवण घरचं की बाहेरून, शाकाहाऱ्यांचं वेगळं होतं का. तिथल्या काकूंशी थेट बोलता आलं तर उत्तम. बुकिंग काका घेत असले तरी स्वयंपाकघराचा निर्णय काकूंचाच असतो.

पहिली संध्याकाळ: किल्ला आधी, वाळू नंतर

बहुतेक लोक सामान टाकून थेट पाण्याकडे धावतात. माझा सल्ला उलटा आहे: पहिल्या संध्याकाळी निवतीच्या किल्ल्यावर जा. एक तर दृश्य सुरेख, आणि दुसरं म्हणजे उद्या ज्या किनाऱ्यावर वावरायचंय त्याचा अख्खा नकाशा वरून समजतो.

किल्ला छोटा आहे. सिंधुदुर्गानंतर शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला असं मानतात, पुढे तो वाडीकर सावंतांकडे होता आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी घेतला. आज उरलेत ते जांभ्या दगडाचे बुरूज, पडकी तटबंदी, खंदकाच्या खुणा आणि भरपूर रान. चढ पंधरा-वीस मिनिटांचा. चपलेवर जाऊ नका, गवतात दगड दिसत नाहीत आणि कुसळं पायात शिरतात. टोकाच्या तटावर कठडा नाही, मुलांचा हात धरा. सूर्यास्तानंतर रेंगाळणार असाल तर विजेरी हवीच.

वरून उत्तरेकडे बघा. लाटा जिथे एकामागून एक, दोन-तीन पांढऱ्या ओळींत फुटताहेत, तिथे तळ उथळ आणि उताराचा आहे. जिथे एकच लाट थेट किनाऱ्यावर आपटते, तिथे वाळू तीव्र उतरते. आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध गडद, गुळगुळीत, लाट न फुटणारी एखादी चिंचोळी वाट दिसली, तर ती जागा नीट लक्षात ठेवा. नवख्याला तीच सगळ्यात शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत समुद्रात जातं ते त्याच वाटेने. या वाटा जागा बदलतात, म्हणून रोज नव्याने बघायचं.

हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येला दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक आणि त्यांवरचं दीपगृह दिसतं. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेने घरटं बांधणाऱ्या पाकोळ्यांची.

सकाळ: रापण

दुसऱ्या दिवशी उजाडताना किनाऱ्यावर असायला हवं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी सपाट असतं. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू होतात आणि दुपारी पाण्यावर लाट उठते. डॉल्फिन बघायला होडीने जायचं तर तेही सकाळीच. निवती बंदराकडून होड्या जातात. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नका. "जवळच जायचंय" हे उत्तर ऐकून घ्यायचं आणि जॅकेट मागायचं.

नशीब असेल तर सकाळी रापण लागलेली बघायला मिळेल. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. मग दोन गट दोन टोकांना धरून ओढायला लागतात. रापणकर पाठीमागे झुकून, टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे येतात. शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडून पुढे पाण्याकडे जातो आणि पहिला होतो. हळूहळू दोन्ही गट एकमेकांच्या जवळ सरकत येतात. तास-दीड तास हेच चालतं. शेवटी जाळ्याची मधली पिशवी उथळ पाण्यात येते, तेव्हा आधी आवाज येतो, मासळीच्या तडफडण्याचा, सर आल्यासारखा. मग बांगडे, पेडवे, तारल्या, मध्येच एखादा खेकडा, बरीचशी बारीक मासळी. वाळूवरच निवड होते, वाटे पडतात. घारी आणि बगळे आपला वाटा न विचारता घेतात.

तुम्ही काय करायचं? आधी लांब उभं राहून बघा. दोर ओलांडू नका, त्यावर ताण असतो. हात लावायची हौस असेल तर विचारा, बहुतेक वेळा दोराच्या शेवटाला उभं करतात. तळहात सोलवटतात, हे आधी सांगून ठेवतो. जाळं बाहेर येताना मोबाइल घेऊन मध्ये घुसू नका, तो त्यांच्या दिवसाच्या कमाईचा क्षण आहे. पर्ससीन (मासळीचा थवा घेरणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्याजवळची मासळी कमी झाल्याची तक्रार या पट्ट्यातले पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं करताहेत. ज्या दिवशी जाळं जवळपास रिकामं येतं, त्या दिवशी ती तक्रार समजावून सांगावी लागत नाही. ताजे बांगडे तिथेच विकत मिळाले तर घ्या आणि काकूंना नेऊन द्या. पण आधी विचारून. त्या दिवशी त्यांच्याकडे सोमवार किंवा संकष्टी असेल तर तुमचे बांगडे अडचण होऊन बसतात.

रापण नसेल तर वाळूकडे बघा. ओहोटीने मोकळ्या केलेल्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका बारीक भोकापासून किरणांसारखी पसरलेली. ती बारीक खेकड्यांची न्याहारी आहे. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाद्य काढून घ्यायचं आणि उरलेली गोळी करून मागे टाकायची, असं ते भरतीचं पाणी येईपर्यंत करत राहतात. दहा पावलांवर गुडघ्यांवर बसून दोन मिनिटं स्तब्ध राहिलात तर बाहेर येतात. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

हा भाग उडवू नका.

कर्लीच्या मुखाशी, म्हणजे किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, पोहायचं नाही. तिथलं पाणी संथ दिसतं, खाली मऊ वाळू असते, समोर देवबाग हाकेच्या अंतरावर वाटतं. पण ओहोटी सुरू झाली की खाडीत चढलेलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं. पौर्णिमा-अमावास्येला हा जोर दुपारभर असतो, नेमका सहलीचे लोक जेवून पाण्यात उतरतात तेव्हा. वाळूचे पट्टेही दर हंगामात जागा बदलतात. गेल्या वर्षी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे यंदा तळ लागत नाही.

बाकी किनाऱ्यावर कुठे उतरायचं हे गावातल्या माणसाला विचारा. "आज पाण्याक वड आसा, आत जाव नको" (पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नका) असं कुणी म्हणालं की विषय संपला. त्यावर "आम्हाला पोहता येतं" हे उत्तर नाही. तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमरेपेक्षा खोल जाऊ नका, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका, एकाने कायम बाहेर राहून बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. दारू प्यायलेल्याला पाण्यात जाऊ देऊ नका, मग तो मेव्हणा असो की साहेब. ओढीत सापडलात तर थेट किनाऱ्याकडे पोहण्यात ताकद घालवू नका. तरंगत राहा, हात वर करून ओरडा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाजूला या. ती वाट अरुंद असते. बाजूला झालं की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकण्यापेक्षा त्याच्याकडे दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब असं काहीतरी तरंगणारं फेका. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. मोठी रुग्णालयं कुडाळ, वेंगुर्ला आणि ओरोसला आहेत, म्हणजे कुठेही गेलं तरी घाई करून तास जातो. निष्काळजीपणा इथे शहरापेक्षा महाग पडतो तो यामुळे.

जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चाला, म्हणजे तळाशी पडून असलेला पाकट मासा आधीच निघून जातो. त्याचा काटा लागलाच तर तेच गरम पाणी, आणि थेट डॉक्टर. छातीत कळ, श्वासाला त्रास किंवा अंगावर गांधी उठल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

गाडी वाळूवर नेऊ नका. दरवर्षी कोकणात कुणाची तरी एसयूव्ही भरतीत अडकलेली असते आणि तिचा व्हिडिओ सगळा महाराष्ट्र बघतो.

दुपार आणि जेवण

अकरा ते चार किनारा सोडा. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे देवबाग-तारकर्लीच्या होड्या साधारण याच वेळेत पर्यटकांना घेऊन भोगव्याच्या उत्तर टोकाला येतात. तासाभरासाठी तिथे जत्रा भरते. सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर तोच किनारा पुन्हा मोकळा असतो. शनिवार-रविवारी गेलात तरी किल्ल्याकडचा दक्षिणेचा भाग बहुतेक रिकामा मिळतो.

जेवण सकाळीच सांगून ठेवायचं. इथे मेन्यू कार्ड नसतं, मासळी काय आली त्यावर ताट ठरतं. सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण यांतलं जे त्या दिवशी असेल ते घ्या, स्वस्तही पडतं आणि ताजंही. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी आणि त्याबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ. शाकाहाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं हे पदार्थ मुंबई-पुण्यातल्या मालवणी हॉटेलांत धड मिळत नाहीत. गोडात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस मागून बघा. त्यांना हातशेवगा (शेवया पाडायचा साचा) लागतो, मेहनतीचं काम आहे, म्हणून आदल्या दिवशी विचारा, आणि नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका.

आसपास: काय घ्यायचं, काय सोडायचं

दोन रात्री असतील तर एक दुपार आसपासच्या गावांना द्या. परुळ्यातलं आदिनारायणाचं मंदिर, म्हणजे सूर्याचं, वाटेवरच आहे. वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याला लागून असलेलं तळं हे या भागातलं मला सगळ्यात आवडणारं ठिकाण. दुपारी चारच्या सुमारास लाकडी कोरीव खांबांच्या सभामंडपात जाऊन बसा, दुसरं काही करायची गरज नाही. धामापूरचा तलाव कुडाळ-मालवण रस्त्यावर आहे. १५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. काठावर भगवतीचं देऊळ आहे.

कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा इथे जपलेली आहे, तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं छोटं संग्रहालय बघायला आधी फोन करून जावं. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर शेवटच्या दुपारी हे बरोबर बसतं.

वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात तर मांडवी खाडीतली कांदळवन सफर करा. महिला बचत गट ती चालवतो, होडीही बायकाच वल्हवतात. भरतीच्या वेळेला जा, ओहोटीत चिखलच दिसतो. इथेही तिथीचा हिशोब उपयोगी पडतो.

स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड हवं असेल तर मालवण-तारकर्लीला वेगळा दिवस काढा. भोगव्यात बसून त्याची चुटपुट लावून घेऊ नका.

कार्तिक पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार. जवळपास कुठे आहे ते काकांना विचारा. नाटक उशिरा रात्री उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा दुपारी झोप काढा आणि अंगावर शाल घ्या. लिहिलेले संवाद नसतात. पेटी-मृदंगावर राजा आणि राक्षस जागच्या जागी वाद घालतात, आणि चांगला नट समोरच्याला शब्दांत कसा अडकवतो हे बघण्यात सगळी मजा आहे.

गावाशी वागणं

नोव्हेंबर ते मार्च या काळात या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. पुढे पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालायला लागतात. म्हणून रात्री किनाऱ्यावर झगझगीत विजेरी, शेकोटी, मोठं संगीत नको. कासवीण दिसली तर लांबून, पाठीमागून, फ्लॅश न मारता बघा. कुंपण घातलेली जागा दिसली तर आत पाय टाकू नका. अंड्यांना हात लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

माडाच्या बागा कुणाच्या तरी असतात. पडलेला नारळही. वाळत घातलेल्या मासळीजवळून, होडीवरून, जाळ्यावरून चालत जाऊ नका, आणि होडीवर चपला घालून फोटोसाठी चढणं तर मुळीच नको. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते. पोहण्याच्या कपड्यांत गावातून, देवळासमोरून फिरू नका, वर काहीतरी चढवा. कचऱ्याचं सोपं आहे: जी पिशवी घेऊन आलात तीच कुडाळपर्यंत परत न्या. गावात रोज उचलणारी गाडी असेलच असं समजू नका. बाटल्या विशेषतः. वाळूत फुटलेली काच रापणकराच्या अनवाणी पायात जाते.

परतताना

खरेदी किनाऱ्यावर नको, ज्यांच्याकडे उतरलात त्यांनाच विचारा. घरची आमसुलं, कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, मालवणी मसाला बहुतेक घरांत विकायला असतो. आगळ घेताना चव बघा: ते आंबट आणि खारट असायला हवं. गोड लागलं तर ते सरबताचं कोकम, त्याची सोलकढी होत नाही. काजू घ्यायचा तर वेंगुर्ल्याचा, सालीसकट भाजलेला. खाजा कुडाळ-मालवणच्या बाजारात मिळतो, दातांना जपून.

संध्याकाळच्या गाडीसाठी भोगव्याहून किमान अडीच तास आधी निघा. रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा, निघताना पुन्हा फोन करा. आगळाची बाटली उभी ठेवा आणि तिचं बूच चिकटपट्टीने बंद करा. कोकमाचा डाग कपड्यावरून जात नाही.